एकट्याने बुलेटवर किन्नौर-स्पिती-लेह : वय ५३, रजा २१ दिवस. जाऊ का नको?

माणदेशी_बुलेट | १२ मार्च, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसताच वाचक होतो, पहिलाच धागा काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

मुक्काम दहिवडी, नोकरी बँकेत, वय ५३. गाडी २०१२ ची बुलेट ३५०, कार्ब्युरेटरवाली, एकहाती, ६१ हजार किमी पळालेली. आजवरचा सगळ्यात लांबचा पल्ला म्हणजे कन्याकुमारी आणि परत, तोही मित्राच्या जोडीने. लेहचं आम्ही दोघं वीस वर्षं ठरवत होतो. आता त्याचे गुडघे बाद झाले आणि माझी रजा मंजूर झाली. योग म्हणतात तो असा.

आराखडा असा : अंबाला, नारकंडा, कल्पा, नाको, काझा (दोन मुक्काम), चंद्रताल, जिस्पा, सरचू, लेह (दोन मुक्काम), नुब्रा, पँगाँग, उमलिंग ला (तिकडे 'ला' म्हणजे खिंड), परत लेह, कारगिल, श्रीनगर, जम्मू. जूनच्या पहिल्या आठवड्यात निघायचं.

विचारायचं एवढंच की एकट्याने जावं का? गाडी रेल्वेत टाकावी की दहिवडीपासूनच चालवत न्यावी? आणि सौभाग्यवतींना कसं पटवावं?

कटिंग_चहा | १२ मार्च, रात्री १०.५२

पहिल्याचं उत्तर : जा. दुसऱ्याचं : रेल्वे. तिसऱ्याचं मिळालं तर मलाही कळवा, माझा अर्ज २०१६ पासून प्रलंबित आहे.

ढोरवाट | १२ मार्च, रात्री ११.३०

एकटे जा नाहीतर वऱ्हाड घेऊन जा, त्याने फारसा फरक पडत नाही. आधी मला हे सांगा की तुमच्या आराखड्यात राखीव दिवस कुठे आहे?

मी बोटं मोजली. जाता-येता रेल्वेचे चार, गाडी पार्सलला देण्या-सोडवण्याचा एकेक. उरले पंधरा. त्यात तुम्ही सोळा-सतरा दिवसांचा रस्ता कोंबलाय. तिथे दरड कोसळली की रस्ता सहा तास बंद राहतो, कधी दोन दिवस. तेव्हा तुम्ही काय करणार? पुढचे दोन मुक्काम एका दिवसात उरकणार, अंधारात गाडी हाणणार, दुपारच्या पाण्यात नाला ओलांडणार. मी चार वेळा गेलोय. तिथे पडलेली माणसं पाहिली ती बहुतेक सगळी 'सोमवारी ऑफिसला हजर व्हायचंय' या घाईतली होती.

उमलिंग ला आजच खोडा. पँगाँग पेन्सिलीने लिहा.

माणदेशी_बुलेट | १२ मार्च, रात्री ११.४८

ढोरवाट साहेब, उमलिंग ला खोडू? ५,७९८ मीटर, २०२५ पर्यंत जगातला सगळ्यात उंच गाडीरस्ता म्हणायचे. तिथला फोटो बँकेत लावायचा होता.

ढोरवाट | १२ मार्च, रात्री ११.५१

बँकेत फोटो साहेबांचा लावतात किंवा हार घातलेल्यांचा. कुठला हवाय?

कटिंग_चहा | १२ मार्च, रात्री ११.५३

😂😂 दंडवत.

वेंगुर्लेकर | १३ मार्च, सकाळी ७.१५

वाळवंटच बघूचा तर इतक्या लांब कित्याक? मी मागच्या जानेवारीत एकटाच जैसलमेरला गेलो होतो. जैसलमेरवरून रामगढ, तनोट, लोंगेवाला. रस्ता असा की आमच्या घाटातल्या माणसाला झोपच यावी. धड वळण नाही, चढ नाही, दोन्ही बाजूंना पवनचक्क्या आणि केर नावाची झुडपं. तनोटच्या देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दलाकडे आहे, युद्धात न फुटलेले बाँबगोळे तिथे काचेत ठेवलेत. लोंगेवालाला १९७१ च्या डिसेंबरातले रणगाडे अजून उभे आहेत.

पण गंमत म्हणजे पडलो तो तिथेच. वाऱ्याने रस्त्यावर वाळूची जीभ आलेली असते. लांबून डांबरासारखीच दिसते. ताशी ७० ने आत शिरलो, पुढचं चाक माशासारखं सळसळलं आणि मी आडवा. लागलं काही नाही, कारण जिथे पडलो तीही वाळूच. उठून बघतो तर एक उंट शांतपणे रवंथ करत माझ्याकडे बघत होता. तेव्हा सरळ रस्ता म्हणजे सोपा रस्ता असं समजू नका.

बाकी स्पितीत बांगडा मिळत नाही असं ऐकलंय. माझ्यापुरता विषय संपला.

भूगोल_मास्तर | १३ मार्च, सकाळी ९.४०

वेंगुर्लेकर, स्पिती-लडाखही वाळवंटच, फक्त थंड. आणि धागाकर्त्यांना ते समजून घ्यायला दहिवडी सोडायची गरज नाही. महाबळेश्वरात वर्षाला सहा हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किमीदेखील नसलेल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, तोही आला तर. ढग सह्याद्रीवरच रिते होतात. हिमालयात हाच खेळ चालतो, फक्त भिंत पाच-सहा पट उंच. मान्सूनचे ढग पीर पंजाल आणि मुख्य हिमालयाच्या अलीकडच्या उतारावर अडतात. पलीकडे लेहला वर्षभरात जेमतेम शंभर मिमी. म्हणजे लेह हा माणचा थोरला भाऊ.

म्हणूनच तिथे जास्त पाऊस म्हणजे आपत्ती. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहमध्ये ढगफुटी झाली तेव्हा उघड्या डोंगरांवरून चिखलाचे लोंढे उतरले आणि मातीची घरं वाहून गेली. झाड नाही, गवत नाही, अडवायला काहीच नाही. किन्नौरच्या बाजूला दरडींचा धोका असतो. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये बटसेरी आणि निगुलसरीला काय झालं ते आठवत असेल. तुम्ही जूनचा पहिला आठवडा निवडलात ते बरं केलंत. जुलैच्या मध्यानंतर त्या वाटेला जाऊ नका, थेट सप्टेंबर बघा.

रानजाई | १३ मार्च, दुपारी १.२०

मी नाशिकची, याच मार्गाने एकटी जाऊन आलेय. त्यामुळे 'एकट्याने जावं का' या प्रश्नावर पन्नाशीच्या पुरुषाने एवढं घाबरलेलं बघून जरा मौज वाटली. हलकं घ्या.

खरं सांगायचं तर त्या रस्त्यावर जूनमध्ये एकटं असणं म्हणजे आषाढात वारीत एकटं असणं. आपल्यासोबत कुणी आलेलं नसतं, पण पुढे-मागे माणसं असतातच. धाब्यावर एकाच चुलीभोवती पाच राज्यांची माणसं बसतात. एकटेपणा जाणवतो तो संध्याकाळी, सामान सोडताना. गाडीला हात लावायला कुणी नसतं आणि 'चल, चहा घेऊ' म्हणणारंही कुणी नसतं. मला त्याची सवय झाली. नंतर आवडायलाही लागलं.

एक काम मात्र आत्ताच करा. घराच्या अंगणात बुलेट आडवी पाडा आणि उचलून बघा. समोरून हँडलला झटू नका. गाडीकडे पाठ करून सीटला पार्श्वभाग टेकवा, गुडघे वाकवा, एक हात हँडलच्या मुठीला, एक मागच्या कॅरिअरला, आणि पायांच्या जोरावर लहान पावलं टाकत मागे सरका. स्टँड आधी खाली करून ठेवा, नाहीतर गाडी पलीकडे जाते. (माझी गेली होती.) जमलं तर एकटे जा. वर चार हजार मीटरवर पडली तर आधी सामान सोडा, मग दहा मिनिटं बसा, मग उचला. तिथे शूरपणा दाखवला की डोळ्यांपुढे काजवे.

माणदेशी_बुलेट | १३ मार्च, रात्री ९.०५

ताई, आज संध्याकाळी पाडली. पहिल्या दोन खेपेला हलली नाही, तिसऱ्याला उठली. शेजारचे आबा बघत होते, 'बँकेत ताण फार असतो' असं घरी सांगून गेले. त्यामुळे सौभाग्यवतींना सगळा प्रकार कळला. चर्चा सुरू आहे.

गॅरेजवाला_बापू | १४ मार्च, सकाळी ११.००

दादा, गाडीचं बोला की कोणीतरी.

तुमची कार्ब्युरेटरची आहे. वर हवा विरळ, कार्ब्युरेटरला ते कळत नाही, तो आपला खालच्या हिशोबाने पेट्रोल सोडतो. मग गाडी काळा धूर मारते, पिकअप जातो, प्लग काळा पडतो. तांगलांग ला ५,३२८ मीटर, तिथे हवा निम्म्याच्या जवळ, मग ताकदही तशीच. घाबरायचं नाही. एअर फिल्टर नवा टाकून जायचं, हवेचा स्क्रू कसा अन् किती फिरवायचा ते इथेच शिकून घ्यायचं, दोन प्लग आणि प्लगपाना जवळ. चढाला पहिला-दुसरा टाकायचा आणि निवांत जायचं. मागून फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांवरची पोरं हॉर्न देतील, देऊ द्या.

सोबत क्लच वायर, अ‍ॅक्सिलरेटर वायर, दोन्ही चाकांच्या ट्यूब, चेनलॉक, फ्यूज, ब्रेक-क्लचचे लिव्हर, पंप, टॉमी. चेनसॉकेट ६१ हजाराला बदललं नसेल तर आधी बदला. नवी क्लच वायर जुन्या वायरीच्या शेजारीच ओवून, टोकं बांधून ठेवा. तुटली की पाच मिनिटांत जोडता येते, टाकी काढायला नको. आणि मागचं चाक खोलून पंक्चर काढायला शिका. ट्यूबचं चाक आहे, तिकडे दीडशे किमी दुकान नाही.

गाडी चालवत नेऊ नका. दोन हजार किमी उन्हात भाजून निघाल आणि चढ सुरू व्हायच्या आधीच दमाल.

तिखटजाळ | १४ मार्च, दुपारी ३.३०

झेलम एक्स्प्रेस पुण्याहून अंबाल्यामार्गे जम्मूपर्यंत जाते, म्हणजे जाताना अंबाल्याला उतरा आणि येताना जम्मूहून बसा. पार्सलला टाकी पार कोरडी लागते. आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात. गोणपाटाने गुंडाळून देणारे स्टेशनबाहेर असतात. आरसे आणि इंडिकेटर काढून पिशवीत घ्या.

अटल बोगद्यासाठी वेगळं परमिट काढावं लागतं का? जाणकार सांगतीलच.

ढोरवाट | १४ मार्च, दुपारी ४.१०

@तिखटजाळ, बोगद्याला नाही लागत. ते रोहतांग माथ्यासाठी असतं. आणि धागाकर्ते स्पितीतून येणार म्हणजे ग्रामफूला उतरणार, ते रोहतांगच्या पलीकडेच आहे. त्यांना बोगदाही लागत नाही आणि माथाही. ग्रामफूवरून डावीकडे वर गेलं की रोहतांग, उजवीकडे खाली उतरलं की कोकसर-सिस्सू-तांडी. तांडीला टाकी काठोकाठ भरायची. पंपावर 'पुढचा पंप ३६५ किमी' अशी पाटी होती, तिच्यासोबत फोटो काढल्याशिवाय कोणी पुढे जात नसे. आता लेहच्या अलीकडे कारूला पंप आहे, पण सव्वातीनशे धरूनच चला. बुलेटची टाकी साडेतेरा लिटरची, वर सरासरी कोसळते. पाच लिटरचा कॅन सोबत हवाच. कॅन गळ्यापर्यंत भरू नका. उंचीवर फुगतो आणि झाकणातून पाझरतो, सगळे कपडे पेट्रोलचा वास मारतात.

काळी_मिरी | १५ मार्च, रात्री ८.२५

मी डॉक्टर आहे म्हणून लिहितेय, नाहीतर बुलेटमधलं मला हॉर्नपलीकडे काही कळत नाही.

तुमचा मार्ग मनालीच्या मार्गापेक्षा शंभर पटीने शहाणपणाचा आहे. मनालीहून निघणारे दुसऱ्या रात्री सरचूला, म्हणजे ४,२९० मीटरवर झोपतात, आणि रात्रभर डोकं धरून बसतात. तीन हजारच्या वर गेलं की झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा ढोबळ नियम आहे. दिवसा उंच खिंड ओलांडली तरी चालते, झोपायची जागा महत्त्वाची. तुमचं नारकंडा २,७००, कल्पा २,९६०, नाको ३,६०० च्या आसपास, काझाही तेवढंच. काझातले दोन मुक्काम कापू नका, काही झालं तरी.

डोकेदुखी, मळमळ, भूक मेलेली, हे पहिल्या दिवशी होतं. पाणी प्या, पडून राहा, वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागली, खोकला सुटला, किंवा सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालता येईना, तर रस्ता एकच, खाली उतरायचं. रात्र असली तरी आणि बुकिंगचे पैसे बुडाले तरी. एकट्या माणसाची अडचण इथे आहे. मेंदूला सूज आली की आपण भेलकांडतोय हे त्याला स्वतःला कळत नाही. म्हणून रोज संध्याकाळी मुक्कामाच्या मालकाला सांगून ठेवा, 'सकाळी आठपर्यंत बाहेर आलो नाही तर दार वाजवा.'

डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) आपल्या डॉक्टरांना विचारून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर नाहीच. घेतलीत तर बोटांना मुंग्या येतील आणि सोडा पाणचट लागेल, घाबरू नका. दारू पहिले तीन दिवस नको. पन्नाशी उलटलीय, तेव्हा निघण्याआधी रक्तदाब आणि ईसीजी करून घ्या.

कटिंग_चहा | १५ मार्च, रात्री ८.४०

डॉक्टर, सोडा पाणचट लागतो हे कळल्यावर दारूचा प्रश्न आपोआप मिटला.

नाना_न्यूजर्सी | १६ मार्च, पहाटे ४.५०

मी इथे अमेरिकेत नेवाडातला हायवे ५० एकट्याने केलाय. त्याला इथले लोक 'सगळ्यात एकाकी रस्ता' म्हणतात. तास-तास समोरून गाडी येत नाही. पुढे डेथ व्हॅलीत गेलो, तिथला फर्नेस क्रीकचा भाग समुद्रसपाटीपेक्षाही खाली आहे. गाडीवर थर्मामीटर होता, त्याच्याकडे बघायचं नंतर सोडून दिलं. तेव्हा मनात आलं, गाडी बंद पडली तर हाक मारायला कोण? आपल्याकडे गाडी बाजूला लावून नुसतं लघवीला थांबलं तरी तीन जण 'काय झालं?' विचारतात. म्हणून म्हणतो, तुम्ही तिकडे कधीच एकटे नसाल.

पिंपळपान | १६ मार्च, सकाळी १०.१५

सगळे उत्तेजन देताहेत म्हणून मी विरोधी सूर लावतो. लेहचं हल्ली अलिबाग झालंय. वर्षाला शंभर मिमी पाऊस आहे म्हणता, मग तिथे गीझर आणि फ्लश कशाच्या जोरावर? तिथल्या जुन्या घरांत कोरडा संडास असतो, वर मातीचा थर टाकतात, वर्षभराने खत होऊन शेतात जातं. आपण जाऊन विचारतो, 'इंग्लिश टॉयलेट आहे का?' वर दोन वशिंडांचे उंट हुंडरच्या वाळूत पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरतात, जे एकेकाळी मध्य आशियातून माल आणायचे. आपलंच स्वप्न पूर्ण व्हावं म्हणून कुणाच्या तरी विहिरीत उतरायचं, हे मला पटत नाही.

माणदेशी_बुलेट | १६ मार्च, रात्री १०.२०

पिंपळपान, राग नाही. टँकरची वाट बघत मोठा झालेला माणूस आहे मी. अर्ध्या बादलीत अंघोळ आमच्या हाडात आहे. कोरडा संडास चालेल, नव्हे, तोच बघीन.

सौभाग्यवतींच्या अटी आल्यात. रोज फोन. रेंज नसेल तिथे पोलीस चौकीत नाव नोंदवायचं. उमलिंग ला रद्द (हे ढोरवाटांनी फितवलं काय?). पँगाँग रद्द. दोन दिवस राखीव. आणि सोबत शेंगदाण्याचे लाडू दोन किलो, त्यातले वाटायचे नाहीत.

रानजाई | १६ मार्च, रात्री १०.३५

वहिनींना नमस्कार सांगा. रोज फोन हवा असेल तर सिम पोस्टपेड करून घ्या, आपलं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही. आणि गाडी तुमच्याच नावावर आहे ना? बाहेरून भाड्याने आणलेल्या गाड्या लेहच्या पुढे अडवतात. स्वतःची असेल तर आरसी दाखवून सोडतात.

नाल्याचंही सांगते. उन्हाने बर्फ वितळतं आणि ते पाणी दुपारी रस्त्यावर पोचतं. सकाळी सातला जो नाला घोट्याएवढा असतो तो दुपारी दोनला गुडघ्यावर जातो. बातल ते ग्रामफू पन्नासेक किमी आहे आणि त्यात असे नाले ओळीने आहेत. बातल किंवा चंद्रतालला मुक्काम करा आणि पहाटेच निघा. पाण्यात शिरलात की पहिला गियर, क्लच दाबायचा नाही, नजर पलीकडच्या काठावर. पाण्याकडे बघितलं की गाडी पाण्यातच जाते.

(एप्रिल-मे मधले ६८ प्रतिसाद पान २ ते ५ वर)

माणदेशी_बुलेट | १२ जून, संध्याकाळी ६.३०

काझाहून. तब्येत उत्तम. लोसरच्या पुढे दरड, परवापासून अडकलोय. राखीव दोन्ही दिवस इथेच गेले. ताबोचा मठ पाहिला, इ.स. ९९६ चा, बाहेरून नुसती माती, आमच्याकडच्या धाब्याच्या घरासारखी. आत अंधारात भिंतभर रंग. बाहेर आलो तरी डोळ्यांपुढून जाईना. उद्या रस्ता सुटेल म्हणतात.

ढोरवाट | १२ जून, संध्याकाळी ६.४४

राखीव संपले म्हणजे आता घाई सुटेल. बातलला मुक्काम. ऐका.

माणदेशी_बुलेट | २ जुलै, रात्री ९.५०

धागा वर काढतोय. सुखरूप घरी आहे. गाडीही आहे, डावा आरसा नाही.

ढोरवाटांचं ऐकलं नाही, आधीच कबूल करतो. १३ तारखेला रस्ता सुटला. कुंझुम खिंड चढलो, तिथल्या देवळाला प्रदक्षिणा घातली, बातलला बाराच्या आत पोचलो. राजमा-भात खाल्ला. ऊन स्वच्छ. मनात हिशोब सुरू झाला, दोन दिवस गेलेत, आत्ताच जिस्पा गाठलं तर एक भरून निघेल. रानजाईताईंचा प्रतिसाद मोबाईलमध्ये साठवून ठेवलेला होता, तो उघडलासुद्धा नाही.

छोटा दराच्या आसपास तिसरा की चौथा नाला. दुपारचे दोन. पाणी गढूळ, खालचं काही दिसत नव्हतं, आतून दगड एकमेकांवर आपटल्याचा आवाज येत होता. पहिला गियर टाकला, नजर पलीकडे ठेवली, सगळं शिकवल्याप्रमाणे. मध्यात पुढचं चाक फुटबॉलएवढ्या दगडावर चढलं आणि घसरलं. डाव्या अंगावर पडलो. पाणी इतकं थंड की आधी काही कळलंच नाही, मग एकदम मांडीपर्यंत सुया. इंजिन बंद. गाडीची पाठ पाण्याच्या दिशेने, बॅग पाण्यात.

अंगणात तिसऱ्या खेपेला उचललेली गाडी तिथे एक इंच हलली नाही. पायाखालचे दगडच सरकत होते. दोनदा जोर लावला तर खरोखर काजवे चमकले. मग ताईंचं आठवलं. बॅग सोडून काठावर नेली आणि दगडावर बसलो. बुटात पाणी, हातमोजे पिळतोय, गाडी समोर नाल्यात आडवी. वीस-पंचवीस मिनिटं कुणी नाही. एवढ्या मोठ्या दरीत माझ्या दातांचा आवाज तेवढा मला ऐकू येत होता. खरा एकटा तेव्हा होतो, बाकी सगळ्या प्रवासात नाही.

मग वळणावरून रस्त्याचं काम करणारी सहा पोरं चालत आली. झारखंडची, दुमक्याकडची. एकाच्या पायात रबरी चप्पल. काही न विचारता पाण्यात शिरली, एकाने 'हां' म्हटलं आणि गाडी उभी. प्लग काढला, पुसला, सायलेन्सरमधलं पाणी काढलं, पंधराव्या किकला चालू झाली. पैसे काढले तर घेईनात. मग न वाटायचे लाडू वाटले. त्यातला एक म्हणाला, काका, आमचा फोटो काढा आणि घरी पाठवा, इथे रेंज नाही. नंबर त्याने माझ्या हातावर पेनाने लिहिला. केलाँगला रेंज आली तेव्हा पाठवला. तिकडून उत्तर आलं, हात जोडलेले आणि मागून एका बाईचा आवाज, भाषा मला कळली नाही. सौभाग्यवतींना ऐकवला. त्या म्हणाल्या, आई असणार. लाडूंबद्दल काही बोलल्या नाहीत.

पुढचं सगळं निवांत केलं. गाटा लूप्सची एकवीस वळणं म्हणजे पसरणी घाट एकावर एक रचलेला. तिथल्या भुताला लोक पाण्याच्या बाटल्या वाहतात, मीही एक वाहिली. बापू, तांगलांग लाच्या शेवटच्या चढाला गाडी पहिल्या गियरमध्ये, काळा धूर, शेजारून सायकलवाला पुढे गेला. खरंच गेला.

पांगच्या पुढे लष्कराचा ताफा थांबलेला. एका जवानाने एमएच ११ बघून हात केला. गाव कुठलं म्हणाला. मी म्हटलं दहिवडी. तो औंधचा निघाला. साडेचार हजार मीटरच्याही वर, चहूकडे पिवळा डोंगर, गवताची काडी नाही, आणि त्याने पहिला प्रश्न काय विचारला? 'पाऊस झाला का तिकडं?' मी म्हटलं, मी निघालो तोवर मृग लागायचा होता, पण कालच्या फोनवर कळलं, कोरडाच चाललाय. दोघंही थोडा वेळ गप्प. मग त्याने मगातला अर्धा चहा मला दिला.

भूगोल_मास्तर | २ जुलै, रात्री १०.१५

त्या जवानाचा प्रश्न मी उद्या नववीच्या वर्गात सांगणार आहे. पर्जन्यछाया शिकवायला आता नकाशा नको.

काळी_मिरी | २ जुलै, रात्री १०.३०

ओल्या कपड्यांत वीस मिनिटं, चार हजार मीटरजवळ, वाऱ्यात. कोरडा जोड कुठे होता? बॅगेतच ना? त्या बॅगेत प्लास्टिकची पिशवी होती का?

माणदेशी_बुलेट | २ जुलै, रात्री १०.३८

होती, डॉक्टर. बी-बियाण्यांच्या दुकानाची. कपडे कोरडे निघाले.

पिंपळपान | ३ जुलै, सकाळी ९.००

कोरडा संडास?

माणदेशी_बुलेट | ३ जुलै, सकाळी ९.२०

वापरला. वर फावड्याने माती टाकायची. स्वच्छ, वास नाही. आमच्या शेतातल्या वस्तीवर तसाच बांधायचा विचार आहे, गवंडी मात्र हसतोय.

वेंगुर्लेकर | ३ जुलै, सकाळी ११.४५

सायकलवाला पुढे गेला हे वाचून बरं वाटलं. माझ्याकडे निदान उंट उभाच होता.

तिखटजाळ | ३ जुलै, दुपारी २.१०

मूळ प्रश्न राहिलाच की. एकट्याने जावं का? माझं ऑगस्टअखेरचं ठरतंय.

माणदेशी_बुलेट | ३ जुलै, रात्री ८.३०

ऑगस्टअखेर नको, सप्टेंबर करा. रजा किती आहे ते आधी लिहा, मग बोलू.

ढोरवाट | ३ जुलै, रात्री ८.३४

शाबास.

गॅरेजवाला_बापू | ३ जुलै, रात्री ९.१५

दादा, क्लच वायर लागली का? शेजारी ओवून ठेवली होती ना सांगितल्याप्रमाणे?

माणदेशी_बुलेट | ३ जुलै, रात्री ९.४०

लागली बापू, पण मला नाही. डेब्रिंगजवळ केरळचा एक पोरगा बुलेट ढकलत येत होता. माझी सोडवून त्याला बसवून दिली. शनिवारी दुकानात येतो, नवी काढून ठेवा. आणि डावा आरसाही.